झाज नावाचा ठेकेदार

मुदतवाढ जन्माला आला तोच डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या तारखेनंतर अकरा दिवसांनी. हे मला कसं ठाऊक म्हणाल, तर आमच्या दोन घरांच्या मधे एकच भिंत आहे आणि ती चार इंची आहे. चार इंची भिंतीतून जवळजवळ सगळं ऐकू येतं. जे येत नाही ते त्याची ताई गॅलरीत कपडे वाळत घालताना सांगते. ‘मुदतवाढ’ हे नावही तिनंच ठेवलेलं. दाखल्यावरचं नाव वेगळं आहे, पण ते फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये ऐकू यायचं, तेसुद्धा उशिरा पोचल्यामुळे दोनदा.

शाळेत गृहपाठाला मुदतवाढ, वाचनालयाच्या पुस्तकाला मुदतवाढ, इंजिनिअरिंगच्या चार वर्षांना एका वर्षाची मुदतवाढ. पोरगा मठ्ठ मुळीच नव्हता. चांगला तल्लख होता, आणि तीच पंचाईत होती. मठ्ठ माणसाचं काम राहिलं तर तो मान खाली घालून उभा राहतो. हा मान वर करून, हातवारे करून, मुद्देसूद कारणं द्यायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, काम राहिलं हे बरंच झालं, नाहीतर इतकं चांगलं कारण वाया गेलं असतं.

आणि असा मुलगा कोणाच्या पोटी यावा? तर मुकादमाच्या. वडिलांचं अख्खं आयुष्य बांधकामांवर गेलं. गवंडी म्हणून सुरुवात केली, आता चाळीस-पन्नास माणसं त्यांच्या हाताखाली असतात. कानामागे पेन्सिल, खिशात ओळंब्याची दोरी आणि शर्टाच्या आत पोटाशी खोचलेली शंभर पानी वही. पेन्सिल त्या वहीसाठी होती एवढं सगळ्यांना माहीत होतं. वहीत काय होतं, ते मात्र कोणी विचारलं नव्हतं. मुलानं तर नाहीच नाही.

पदवीनंतर मुदतवाढ एका बिल्डरच्या ऑफिसात ‘प्लॅनिंग इंजिनिअर’ झाला. काम काय, तर संगणकावर कामांचे पट्टे काढायचे. वेळेत चाललेलं काम हिरवं, रेंगाळलेलं पिवळं, बोंबललेलं लाल. दोन वर्षं त्यानं पट्टे रंगवले, आणि मग एके सकाळी भिंतीपलीकडून घोषणा झाली.

“पुढं जायचं तर बांधकाम व्यवस्थापनात पदव्युत्तर पदवी पाहिजे. आणि ती बाहेरचीच.”

“म्हणजे तुझे बाबा करतात तेच का रे?” आईनं विचारलं.

“नाही गं. बाबा कामं करवून घेतात. मी त्यांचं व्यवस्थापन करणार.”

“बरं. मग ती करणार कोण?”

यावर भिंतीपलीकडे लगेच खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी मुद्दाम चहा थांबवून ऐकत होतो.

प्रवेशाचा अर्ज ताईनंच भरून घेतला, कारण शेवटची तारीख उलटायला दोनच दिवस होते. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, ‘बांधकाम सल्लागार’. ताईनं ते जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. मुकादम घास चावत म्हणाले, “खोटं नाही काही त्यात. सल्लाच देतो मी. आईबहिणीवरून देतो, एवढंच.”

सगळे हसले. मुकादम हसले नाहीत. रकाना तसाच राहिला आणि अर्ज गेला.

तिकडे पोचल्यावर आठव्या दिवशी पहिला फोटो आला. पिवळं जाकीट, पांढरं हेल्मेट, पोलादी टोकाचे बूट, मागे भलीमोठी क्रेन. वर्गाची साईट-भेट होती. आईनं तो फोटो मला दाखवला, इस्त्रीवाल्याला दाखवला, गॅसचा सिलिंडर आणणाऱ्याला थांबवून दाखवला. मुकादमांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि म्हणाले, “हेल्मेटचा पट्टा बांधला नाहीये.”

राहायच्या जागी चार विद्यार्थ्यांत एक स्वयंपाकघर होतं. फ्रीजमध्ये प्रत्येकाचा एक कप्पा, कप्प्यावर चिठ्ठी. मुदतवाढनं पहिल्याच महिन्यात त्या स्वयंपाकघराची ‘जोखीम नोंदवही’ करून दारामागे चिकटवली. अंडं तळताना तेल उडण्याची शक्यता किती, परिणाम किती गंभीर, जबाबदार व्यक्ती कोण. भांडी घासण्याचं वेळापत्रकही केलं, सात रंगांत. त्यात त्याचा स्वतःचा वार नेहमी पिवळा असायचा. बाकीचे तिघे वर्षभरात त्याला एकदाही रागावून बोलले नाहीत, कारण त्याची कारणं ऐकायला त्यांनाही मजा यायची. ज्याच्या वारी भांडी तुंबायची त्याला ते ‘तो आज प्रोजेक्ट मॅनेजर आहे’ असं म्हणायला लागले.

परदेशी विद्यार्थ्याला आठवड्याला ठराविकच तास काम करता येतं. त्यानं घरी कळवलं, एका मोठ्या गृहप्रकल्पावर ‘साईट लॉजिस्टिक्स’ बघतोय. ताईनं विचारलं, “म्हणजे नक्की काय?” तो म्हणाला, “वाहनांच्या हालचालींचा समन्वय.” मुकादम बाजूला दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, “गेटवर उभा आहे. काँक्रीटचा ट्रक आला की उघडतो.” आणि गालाला साबण लावत पुढं म्हणाले, “चांगलं काम आहे. गेट नीट नसलं तर अख्खी साईट बोंबलते.”

फोन स्पीकरवर होता. तिकडून त्यानं घाईघाईनं हवामानाचा विषय काढला.

अशी एकेक सत्रं पार पडली. करारांचा कायदा, खर्चाचे अंदाज, सुरक्षितता, वेळापत्रकाचं शास्त्र. यात पोरगा पास झाला, दोन विषयांत तर वर आला. राहिला प्रबंध. विषय होता, ‘मध्यम आकाराच्या निवासी प्रकल्पांत होणारा विलंब: कारणं आणि मोजमाप’. विषय निवडायला त्याला सात आठवडे जास्त लागले. का ते मी सांगणार नाही, तुम्हीच हसाल.

मार्गदर्शक म्हणून मिळाल्या एक बाई. सडपातळ, पांढरे केस, शिकवायला येण्याआधी वीस वर्षं स्वतः साईटवर काढलेली. आवाज कधी चढायचा नाही. दर पंधरा दिवसांनी त्या विचारायच्या, कुठपर्यंत आलं? आणि मुदतवाढ सांगायचा, जवळजवळ झालंय, नव्वद टक्के. खरी गोष्ट अशी की त्यानं दोनशे जणांना प्रश्नावली पाठवली होती आणि उत्तरं चार आली होती. त्यातलं एक ताईचं होतं. ‘विलंबाचं मुख्य कारण’ या प्रश्नासमोर तिनं त्याचं नाव लिहिलं होतं, दाखल्यावरचं, पूर्ण.

पाचव्या भेटीत बाईंनी त्याच्यापुढं एक कागद सरकवला. एकच पट्टा काढलेला, त्याच्या प्रबंधाचा. दहा आठवडे सपाट, नव्वद टक्क्यांवर. लाल.

“चोवीस दिवस आहेत,” बाई म्हणाल्या. “तोपर्यंत प्रबंध आला नाही तर पुढच्या वर्षी नव्यानं नाव नोंदवावं लागेल. इथल्या विद्यार्थ्यांना ते जमतं. तुमचा व्हिसा त्याआधी संपतो. तुम्हाला पदवीशिवाय परत जावं लागेल. मुदतवाढ मी देऊ शकत नाही.”

त्यांना त्याचं टोपणनाव कुठून ठाऊक असणार! पण हा शब्द ऐकून पठ्ठ्याच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. बाहेर येऊन त्यानं ताईला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे कारण नव्हतं.

“ताई, माझ्याकडे माहितीच नाहीये गं. आकडे नाहीत. खऱ्या साईटचे, खऱ्या तारखांचे आकडे पाहिजेत.”

“बाबांच्या वह्या आहेत की.”

“कसल्या वह्या?”

“अरे देवा,” ताई म्हणाली. “पंचवीस वर्षं त्यांच्या पोटाला चिकटलेली वही तुला दिसली नाही? माळ्यावर बावीस पडल्यात. तेविसावी चालू आहे. कुठलं काम, कुणाकडं, कधी म्हणाला, कधी झालं. रोज लिहितात.”

आता ताई काय चीज आहे ते बघा. वह्यांचे फोटो काढायचे कबूल करण्याआधी तिनं त्याच्याकडून लिहून झालेला मजकूर मागवून घेतला, आणि संध्याकाळी मुकादमांना वाचून दाखवला. मी त्या दिवशी वाटीभर साखर मागायला गेलो होतो, ती घेऊन लगेच परत येणं काही शोभलं नसतं. पहिल्याच प्रकरणात वाक्य होतं, ‘पारंपरिक मुकादम कामाची लेखी नोंद ठेवत नाहीत. त्यामुळे विलंबाचं शास्त्रीय मोजमाप अशक्य होतं.’

ताई वाचायची थांबली. आई पदराशी चाळा करत बसली.

“हे त्यानं कुणाला विचारून लिहिलं?” मुकादम म्हणाले.

“कुणालाच नाही. लिहायचं म्हणून लिहिलं.”

मुकादमांनी शर्टाच्या आतून चालू वही काढली, उगाच चाळली, परत खोचली. मग म्हणाले, “फोटो काढून दे माळ्यावरच्या सगळ्यांचे. एकच सांग त्याला. माझं नाव नको. हुद्दा घाल म्हणावं. मुकादम. सल्लागार नाही.”

तीन दिवसांत बावीसशे फोटो गेले. मुदतवाढनं गेटवरची पाळी सोडून बाकी सगळं बंद केलं आणि बापाचं अक्षर वाचायला बसला. अक्षर कसलं, चालत्या मिक्सरशेजारी उभं राहून काढलेलं. रकान्यांना नावं नाहीत. चार उभ्या रेघा: काम, माणूस, तारीख, तारीख. पहिली तारीख काम होईल म्हणून सांगितल्याची, दुसरी खरोखर झाल्याची. कंसात मजूर किती, पाऊस होता का, माल आला का. पाचव्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की ही खाण आहे. दहाव्या दिवशी त्याला सोनं सापडलं.

माणसांच्या रकान्यात एक नाव सारखं येत होतं: झाज. पहिल्या वहीपासून बाविसाव्या वहीपर्यंत. प्लंबिंग, झाज. फरशी, झाज. लिफ्टचं बसवणं, झाज. आणि जिथं झाज, तिथं काम हमखास रखडलेलं. बाकीचे ठेकेदार सरासरी सहा दिवस उशीर करणारे, झाज त्रेचाळीस! दोनशे चौदा कामं, सगळी बोंबललेली. मुदतवाढ खुर्चीवरून उठून खोलीत फेऱ्या मारायला लागला. त्यानं बारा पानांचं प्रकरण लिहिलं. निष्कर्ष ठळक अक्षरांत: एकाच अकार्यक्षम उपठेकेदारामुळे बहुतांश विलंब होतो, आणि भावनिक किंवा कौटुंबिक संबंधांमुळे पारंपरिक मुकादम त्याला काढू शकत नाहीत. बापाला मधूनच असा एक चिमटा काढायचा मोह त्याला आवरला नाही. प्रकरण बाईंना पाठवलं. वेळेवर.

पंधराव्या दिवशी बाईंनी बोलावलं. कागद समोर, त्यावर बारीक अक्षरांत टिपणं.

“आकडे फार सुंदर आहेत,” बाई म्हणाल्या. “असली नोंद मी वीस वर्षांत पाहिली नाही. मुकादमांना माझा नमस्कार सांगा. आता मला हे श्रीयुत झाज समजावून सांगा. हे नळ जोडतात, फरशी बसवतात, रंग देतात, वायरिंग करतात आणि लिफ्टही बसवतात?”

“बहुउद्देशीय उपठेकेदार असावेत.”

“एकाच दिवशी तीन इमारतींवर?”

“हो, म्हणूनच तर उशीर…”

“बावीस वह्या भरेपर्यंत सगळ्यांत वाईट काम करणाऱ्या माणसाला दर साईटवर पुन्हा बोलावतात, आणि बोलावणारा माणूस इतका चोख नोंदी ठेवणारा.” बाईंनी चष्मा काढला. “मला या गृहस्थांना भेटायला आवडेल. नाहीतर आधी त्या मुकादमांना विचारून तरी बघा.”

विचारायचं! हे काही त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. बावीसशे पानं वाचली, ज्यानं लिहिली त्याला एक फोन नाही.

तेव्हा इकडे सकाळचे अकरा वाजले होते आणि मुकादम चौथ्या मजल्याच्या स्लॅबवर सळया मोजत होते. मी तिथं कसा? मी निवृत्त माणूस, मला चालायला सांगितलंय, आणि माझं चालणं नेमकं त्या साईटवरून जातं. फोन वाजला, मुकादमांनी तो विटांच्या थप्पीला टेकवून ठेवला. पडद्यावर मुदतवाढ, डोळे खोल गेलेले, पण रुबाब तोच.

“बाबा, एक विचारायचं होतं. हा झाज कोण?”

“कोण?”

“झाज! प्रत्येक वहीत आहे. तुमची अर्धी कामं त्यानं लांबवलीत. इतकी वर्षं तुम्ही त्याला काढला का नाही?”

मुकादमांनी सळया मोजायच्या थांबवल्या. तोंडातल्या तोंडात पुटपुटले, “झाज… झाज…” मग त्यांनी शर्टाच्या आतली वही काढली, उघडली, आणि मला वाटलं त्यांना ठसका लागला. ते खाली बसले. उकिडवे बसून दोन्ही हातांनी पोट धरलं. तेहतीस वर्षांत त्या माणसाला साईटवर हसताना कोणी पाहिलं नव्हतं. सेंट्रिंगवाला धावत आला, त्याच्यामागून दोन गवंडी. एकानं पाणी आणलं.

“अरे गाढवा,” मुकादमांना शेवटी शब्द सापडले, “झा पूर्णविराम ज पूर्णविराम. झाल्यात जमा!”

तिकडे मुदतवाढ वहीचा फोटो उघडून ते नाव पुन्हा बघायला लागला.

“माणूस विचारल्यावर ‘आज नाही झालं’ म्हणाला, तर मी त्याचं नाव लिहितो. ‘चार दिवस लागतील’ म्हणाला, तरी नाव लिहितो. त्यानं ‘झाल्यात जमा आहे’ म्हटलं, की मी नाव लिहायचं सोडतो. कारण तेव्हा तो दुसऱ्याच्या साईटवर पोचलेला असतो. मग कोण का असेना, प्लंबर असो, रंगारी असो. सगळे एकच. झाज.”

“म्हणजे तो माणूस नाही?”

“आहे की,” मुकादम डोळे पुसत म्हणाले. “दहा आठवडे बाईंना नव्वद टक्के कोण सांगत होतं? ताईनं सांगितलंय मला. झाज म्हणजे तूच रे!”

सेंट्रिंगवाला पडद्यात वाकून म्हणाला, “नमस्कार झाजसाहेब, लिफ्ट कधी देताय?” आणि मग जो काही दंगा झाला तो तळमजल्यापर्यंत ऐकू गेला. प्लंबर तेवढा हसला नाही. तो हळूच जिन्यानं उतरून गेला, आणि त्या दिवशी दुसऱ्या मजल्याचे नळ खरोखरच जोडून झाले.

उरले होते नऊ दिवस. मी असतो तर सरळ पांघरूण घेऊन झोपलो असतो. पोरानं काय केलं? दुसऱ्याच दिवशी बाईंच्या दारात उभा. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, कुठपर्यंत आलं? त्यानं तोंड उघडलं. ओठांवर ते शब्द आलेच होते, सवय कुठं जाते. मग म्हणाला, “तीन प्रकरणं झालीत. चौथं चुकीचं आहे, फाडायचंय. पाचवं सुरूच केलेलं नाही.”

बाई म्हणाल्या, “हे पहिलं उत्तर मला समजलं.” आणि श्रीयुत झाज कोण हे ऐकल्यावर त्यासुद्धा टेबलाला धरून हसल्या म्हणे. त्यांच्या साईटवरही ते गृहस्थ वीस वर्षं होते, वेगळ्या भाषेत.

चौथं प्रकरण नव्यानं लिहिलं गेलं. त्यात ठेकेदार गेला आणि शब्द आला. ‘काम झाल्यात जमा आहे’ असं सांगितल्यापासून ते खरंच होईपर्यंत सरासरी त्रेचाळीस दिवस, दोनशे चौदा नोंदी, बावीस वह्या. कौटुंबिक संबंधांचं वाक्य गेलं. पहिल्या प्रकरणातलं ‘लेखी नोंद ठेवत नाहीत’ हेही गेलं, आणि तिथं आलं, ‘या अभ्यासाचा संपूर्ण आधार एका मुकादमाच्या नोंदी आहेत.’ पानांचे आकडे एकोणतीसवरून थेट एकतीसवर गेले होते, एका तक्त्याचं शीर्षक उलटं छापलं होतं. पण चोविसाव्या दिवशी, मुदत संपायला अकरा मिनिटं असताना, प्रबंध गेला.

निकाल पाच आठवड्यांनी आला. भिंतीपलीकडं फोन स्पीकरवर होता, मी कान लावायची गरजच नव्हती.

“आई! ताई! झालं! पास!”

आईनं रडायला सुरुवात केली. ताई किंचाळली. मुकादमांचा आवाज मात्र अगदी सपाट.

“झालं, का झाल्यात जमा?”

तिकडं कागद उलटल्याचा आवाज.

“किरकोळ दुरुस्त्या आहेत बाबा. तिसावं पान आणि तो तक्ता. अठ्ठावीस दिवस दिलेत. झाल्या म्हणजे पदवी.”

“तुझाच आकडा त्रेचाळीसचा आहे ना?”

“हो.”

“मग अठ्ठावीसात कसं बसणार?”

मला वाटलं, आता कारण येणार. मान वर, हातवारे, मुद्दे. मी चहाचा कप खाली ठेवला.

“आज पान तीस,” मुदतवाढ म्हणाला. “उद्या तक्ता. परवा दुपारी बारा वाजता पाठवणार. लिहून घ्या.”

वहीची पानं उलटल्याचा आवाज आला, चार इंची भिंतीतून स्पष्ट. मुकादमांनी पेन्सिल थुंकी लावून ओली केली असावी, ती त्यांची सवय. तेविसाव्या वहीत पहिल्याच पानावर एक ओळ उघडी होती, हे मला ताईनं नंतर गॅलरीतून सांगितलं. ‘पोराची पदवी’ आणि माणसाच्या रकान्यात ‘झाज’. त्या दिवशी मुकादमांनी झाजवर आडवी रेघ मारली आणि वर मुलाचं नाव लिहिलं, दाखल्यावरचं.

दुरुस्त्या ठरल्या दिवशीच, पण दुपारी साडेतीनला गेल्या. मुकादमांनी तेही लिहून ठेवलंय.